सी-वाले किती?

“कुणी कुणाच्या कार्डात डोकवायचं नाही आणि उत्तर तोंडानं फोडायचं नाही. फोडलं तर प्रश्न बाद!”

एवढा दम देऊन बाई पॅनेलकडे वळतात. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातली, सातवीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा. परिपाठ झालाय, हजेरी झालीय, सहावीचा पहिला तास गणिताचा आहे. डिसेंबर असल्यानं निम्मा वर्ग स्वेटरात आहे आणि पूर्वेच्या खिडकीतून येणारं ऊन नेमकं भिंतीवरच्या ६५ इंची टचस्क्रीन पॅनेलवर पडतंय. मागच्या बाकावरचा एक मुलगा न सांगता उठतो, खिडकीत टांगलेल्या जुन्या सतरंजीचं टोक खिळ्याला अडकवतो आणि जागेवर येऊन बसतो. आता पॅनेलवरचं वाचता येतं.

सर्वांत मोठी संख्या कोणती? ए : ०.४५, बी : ०.८, सी : ०.१२५, डी : ०.०९.

मी वर्गाच्या मागे कपाटाला पाठ लावून बसलोय. पुढे २८ मुलं. कुणाच्या ओठांची हालचाल चाललीय, कुणी बोटानं हवेत आकडे मोडतंय. साहेब तपासणीला आल्याशिवाय सहावीच्या वर्गात अशी शांतता सहसा मिळत नाही.

“झालं? करा वर.”

२८ कार्डं एकदम वर येतात. तळहाताहून थोडा मोठा पांढरा चौकोन आणि त्यावर काळ्या ठोकळ्यांचं एक वेडंवाकडं चिन्ह. चिन्हाच्या चार बाजूंना अगदी बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. जे उत्तर द्यायचं ते अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं. प्रत्येकाचं चिन्ह निराळं, त्यामुळे शेजाऱ्यानं कार्ड कसं धरलंय हे बघून काही हाती लागत नाही. कार्डाचा नंबर हाच मुलाचा हजेरी नंबर. या पद्धतीला प्लिकर्स म्हणतात. मुलांच्या हातात कागद आणि बाईंच्या हातात त्यांचा रोजचाच मोबाइल, यापलीकडे यंत्र काही नाही. बाई मोबाइल आडवा धरून वर्गावरून सावकाश फिरवतात. कॅमेरा कार्डं वाचत जातो तशी पॅनेलवरच्या यादीत एकेका नावापुढे खूण उमटते. उत्तर पोहोचलं एवढंच त्या खुणेवरून कळतं. कोणतं पोहोचलं ते फक्त मोबाइलमध्ये दिसतं.

“सात नंबर, चिन्हावरचं बोट काढ. एकवीस, कार्ड तिरकं झालंय.”

मुलं पॅनेलकडे बघत नाहीत, बाईंच्या तोंडाकडे बघतात. भुवई हलली का, ओठ मुडपले का, याचा शोध चाललाय. बाईंचा चेहरा कोरा.

माझ्या पाठीमागच्या कपाटात क्लिकरचा एक संच पडून आहे. एका देणगीदारानं शाळेला दिलेला. छोट्या रिमोटसारखी उपकरणं, प्रत्येकावर बटणं, आणि संगणकाला लावायचा एक रिसीव्हर. तास सुरू व्हायच्या आधी बाईंनी त्यातला एक मला उघडून दाखवला. आत सेल फुटून हिरवट झाले होते. “बत्तीस क्लिकर. सेल संपले की कुणी भरायचे?” एवढंच म्हणाल्या. कार्डांना सेल लागत नाहीत. साध्या कागदावर छापून ती गावातल्या लग्नपत्रिकांच्या पाठीला चिकटवलीत. पाच नंबरच्या कार्डामागचे गणपती आणि ‘आमच्या येथे श्री कृपेकरून’ मला मागून स्पष्ट वाचता येतं. आधी बाईंनी चांगलं लॅमिनेशन करून आणलं होतं, पण त्यावर उजेड चमकायचा आणि कॅमेऱ्याला चिन्हच वाचता यायचं नाही. कार्डावरचं चिन्ह दिसायला क्यूआर कोडसारखं, आणि क्यूआर कोड या मुलांना नवा नाही. बालभारतीच्या पुस्तकांवर तो असतोच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना कोड जोडण्याचं काम केलं आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हेही शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं आहे. तरी कार्डं पहिल्यांदा वाटली तेव्हा वर्गातून प्रश्न आला होता म्हणे, “बाई, ह्याच्यावर फोनपे चालतं का?”

पॅनेलवर चार खांब उभे राहतात. नावं नाहीत, बरोबर-चूक नाही. नुसते आकडे.

“सी-वाले किती?”

“चौदा!” अख्खा वर्ग ओरडतो.

“बी?”

“नऊ!”

ए तीन, डी दोन. “सी निवडून आला,” खिडकीकडून कुणीतरी निकाल जाहीर करतं आणि हशा पिकतो. ज्याला जास्त मतं त्याचं बरोबर, हे गावात वाढलेल्या मुलाला वेगळं शिकवावं लागत नाही. बाई हसत नाहीत आणि निकालही देत नाहीत.

“ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे असा एक जण गाठा. त्याला पटवा. दोन मिनिटं.”

आता जो कल्ला उठतो तो ऐकण्यासारखा आहे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९१ पासून हीच रीत राबवली. आधी एकट्यानं उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. त्यांचा ठोकताळा असा की पहिल्या फेरीत तीस ते सत्तर टक्के उत्तरं बरोबर असली तर वादाला रंग भरतो. त्याहून कमी असली तर आधी शिकवावं लागतं आणि जास्त असली तर पुढे जावं. इथे २८ पैकी नऊ, म्हणजे जेमतेम उंबरठ्यावर. माझ्या पुढच्या बाकावर वाद पेटलाय.

“आरं, एकशे पंचवीस मोठं का आठ? डोळं हायेत ना?”

“पण पॉइंट हाय ना म्होरं.”

“मग? पॉइंट दोन्हीकडं हाय.”

या युक्तिवादाला उत्तर नाही. पॉइंट खरंच दोन्हीकडं आहे. पलीकडच्या दोन वेण्यांच्या मुलीला पैशांचा मार्ग सुचतो. “शून्य पॉइंट आठ म्हंजे ऐंशी पैसे. हे पंचेचाळीस पैसे. ऐंशी मोठं.” शेजारीण क्षणभर गप्प होते, मग तिला सापडतं, “आन् हे एकशे पंचवीस पैसे. सव्वा रुपया झाला की! सीच मोठा.” दोन वेण्या हतबुद्ध. हिशेब पहिल्या दोन संख्यांपर्यंत चोख होता, तिसरीला रुपयाच्या बाहेर गेला.

तिकडे चार नंबर उभा राहूनच प्रचार करतोय. वर्गातला हुशार म्हणून नावाजलेला, पहिल्या बाकावरचा. “आकडे जेवढे कमी तेवढी संख्या मोठी. बाईंनीच सांगितलंय, दशांश मोठा, शतांश बारका, सहस्रांश त्याहून बारका.” त्याच्याभोवती सहा-सातजण जमलेत आणि माना डोलावताहेत. बाई या सगळ्यापासून लांब, बावीस नंबरच्या बाकावर टेकल्यात. कार्ड जसं हातात आलं तसंच त्यानं वर धरलं होतं, हे त्यांनी ओळखलंय. त्याच्याकडून त्या संख्या एकेक करून वाचून घेताहेत. ‘शून्य नऊ’ असं तो ०.०९ वाचतो, त्याच्या वाचण्यात दशांशचिन्ह नाहीच.

दुसरी फेरी. कार्डं वर. मोबाइल फिरतो. बी २३, सी चार, ए एक.

बाहेरून आलेला पाहुणा टाळ्या वाजवतो तो या क्षणी. पॅनेलवरचा बीचा खांब छताला लागलाय, दोन मिनिटांत वर्ग नऊवरून २३ वर आलाय, फोटो काढायला चित्र उत्तम आहे. डिजिटल शाळांच्या कौतुकाच्या बातम्या इथेच संपतात. बाई मात्र बरोबर उत्तराबद्दल चकार शब्द न काढता बोटानं पडदा सरकवतात.

सर्वांत मोठी संख्या कोणती? ए : ०.३, बी : ०.४७, सी : ०.२५६, डी : ०.०९.

“आता बोलायचं नाही. करा वर.”

ए ११. बी १३. सी चार.

वर्ग पॅनेलकडे बघत राहतो. चार नंबरचं कार्ड अजून वरच आहे, ए वरच्या बाजूला. त्याला आपलं चुकलंय अशी शंकासुद्धा नाही.

“चार नंबर, उठ. का रे?”

“बाई, आकडा एकच आहे. दशांश मोठा असतो.”

“म्हणजे मगाशी उत्तर बरोबर होतं आणि कारण चुकलेलं होतं.”

चार नंबर बसतो. मला या तासातलं सर्वांत मोलाचं काही दिसलं असेल तर ते हेच ११ जण. मगाच्या प्रश्नात हे सगळे बरोबर होते. बाईंनी गेल्या आठवड्यात जे शिकवलं त्यातूनच त्यांनी हा नियम काढला होता. दशांश शतांशापेक्षा मोठा हे खरंच आहे. पण तीन दशांश आणि सत्तेचाळीस शतांश समोरासमोर आले की किती दशांश आणि किती शतांश ते बघायला लागतं, तेवढं त्यांनी गाळलं. हात वर करायच्या आपल्या जुन्या पद्धतीत हे कधीच बाहेर आलं नसतं. पहिल्या प्रश्नाला पहिला हात चार नंबरचा असता, त्यानं ‘आठ दशांश’ असं खणखणीत सांगितलं असतं, ‘शाब्बास’ मिळवली असती, आणि धडा पुढे गेला असता. एका बरोबर उत्तरामागे २७ मुलं सुखानं लपू शकतात. आपण सगळे तसेच लपत शिकलोय. दुसरा प्रश्न बेतलेला आहे तो नेमका या दोन चुकांना वेगळं करण्यासाठी. जास्त आकडे म्हणजे मोठी संख्या असं मानणारा सीकडे जातो, कमी आकडे म्हणजे मोठी असं मानणारा एकडे.

“दूध कोण घालतं डेअरीला?” बाई विचारतात.

वीस-बावीस हात.

“फॅट किती लागते?”

आकड्यांचा पाऊस पडतो. तीन पॉइंट पाच, तीन पॉइंट आठ, म्हशीचं सहा, साडेसहा. गाईच्या दुधाचा भाव साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफला, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन घटकांना, धरतात, त्याखाली गेलं की पैसे कापतात, हे इथल्या पोरापोरींना पाढ्यांइतकं पाठ आहे.

“मग एकाची तीन पॉइंट आठ लागली आणि दुसऱ्याची तीन पॉइंट पंचवीस. पैसे कुणाला जास्त?”

“पहिल्याला!” बहुतेक वर्ग. पण ११ नंबरची मुलगी हात खाली घेत नाही. “बाई, आमच्या पावतीवर पॉइंटच्या पुढं एकच आकडा असतोय. तीन पॉइंट पंचवीस लागतच नाही.”

बाई थांबतात. पहिल्यांदाच त्यांचा कोरा चेहरा मोडतो. “बरोबर बोललीस. पावतीवर फॅट नेहमी एक आकडा. पेट्रोलपंपावरचा भाव नेहमी दोन आकडे. दुकानातलं बिल नेहमी दोन आकडे. म्हणून तुम्हाला कधी अडलंच नाही.”

खरंच की. व्यवहारात दशांश चिन्हापुढे दोन्ही बाजूंना तेवढेच आकडे असतात. चिन्ह झाकून नुसत्या संख्या ताडून पाहिल्या तरी हिशेब जमतो. ‘व्यवहारातली उदाहरणं द्या, मुलांना कळेल’ असं प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. इथे व्यवहारानंच ही चूक लपवून ठेवली होती, आणि ती सापडायला एका मुलीला आपल्या घरची पावती आठवावी लागली.

आता पॅनेलचं खरं काम सुरू होतं. शून्य ते एक अशी संख्यारेषा, तिचे दहा समान भाग. बाई ०.३ वर बोट ठेवतात, तिथे टिंब उमटतं. मग ०.४ आणि ०.५ च्या मधल्या तुकड्यावर दोन बोटं ठेवून ती फाकवतात. रेषा ताणत जाते, तो इवलासा तुकडा पॅनेलभर पसरतो आणि त्याच्या पोटात आणखी दहा भाग दिसू लागतात. “सत्तेचाळीस शतांश कुठे?” २६ नंबर धावत येतो. त्याचा हात पोचत नाही, म्हणून कोपऱ्यातली झाडूची काडी घेतो आणि सातव्या रेघेवर टेकवतो. टिंब. काडी चालते, कारण या पॅनेलच्या चौकटीतून पृष्ठभागाच्या किंचित वर इन्फ्रारेड किरणांचं अदृश्य जाळं विणलेलं असतं. मध्ये काहीही आलं की किरण अडतात आणि कुठले अडले त्यावरून जागा कळते. बोट आहे, काडी आहे की माशी आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ते लगेच सिद्धही होतं. रेषा पुन्हा लहान करायला बाई वाकतात आणि त्यांच्या ओढणीचं टोक पॅनेलला लागतं. ०.६ पासून ०.९ पर्यंत एक लांबलचक लाल रेघ.

“बाई, ओढणीनं उत्तर दिलं!”

बाई ओढणी कमरेला खोचतात, रेघ पुसतात. रेषा मूळ आकाराला येते. ०.३ चं टिंब डावीकडे, ०.४७ चं त्याच्या पुढे. जिथे होतं तिथेच. खडूनं हे करताना तुकडा वेगळा काढून मोठा करावा लागतो आणि तो मूळ रेषेतलाच आहे यावर मुलांनी विश्वास ठेवायचा असतो. इथे विश्वास ठेवायला नको, तुकडा डोळ्यांसमोर उघडला आणि मिटला. ०.२५६ साठी बाई तेच दोनदा करतात, आधी ०.२ आणि ०.३ च्या मधे, मग ०.२५ आणि ०.२६ च्या मधे. ए-वाल्या ११ जणांपैकी एक जण आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणतो, “म्हंजे आतच ऱ्हातंय.” संख्येपुढे कितीही आकडे जोडले तरी ती आपल्या घराच्या बाहेर जात नाही, असं त्याला म्हणायचंय.

या फळ्याबद्दल उगाच भाबडं व्हायला नको. कॅनडात कॅल्गरीच्या स्मार्ट कंपनीनं १९९१ मध्ये असा पहिला फळा बाजारात आणला. पुढे लंडनच्या माध्यमिक शाळांत सरकारी पैशानं ते मोठ्या संख्येनं बसवले. २००७ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशननं त्याचा अभ्यास मांडला, तेव्हा मुलांच्या गुणांवर परिणाम झाल्याचा पुरावा सापडला नाही. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पष्टेपाड्याच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकानं डिजिटल वर्ग उभा केला आणि तो बघायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. मग लोकवर्गणीची लाट आली. कुठे प्रोजेक्टर, कुठे पॅनेल. या शाळेचं पॅनेलही यात्रा समितीच्या वर्गणीतून आलंय, खाली इन्व्हर्टर माजी विद्यार्थ्यांचा. अशा किती शाळांत मी पॅनेलवर कवितांचे व्हिडिओ लागलेले आणि मुलं हाताची घडी घालून बसलेली पाहिलीत! तो मोठा टीव्ही झाला. त्यात वाईट काही नाही, फक्त त्यासाठी यात्रेच्या वर्गणीतले लाखभर रुपये लागायला नकोत.

शेवटचा प्रश्न येतो. ०.६ आणि ०.६० यांत मोठी संख्या कोणती? तिसरा पर्याय, दोन्ही सारख्या. कार्डं वर, मोबाइल फिरतो. सी १९. बाई खांब दाखवतात, उत्तर सांगतात, एक मुलगी रेषेवर दोन्ही टिंबं एकमेकांवर ठेवून दाखवते. पण बाईंचं लक्ष मोबाइलमध्ये आहे. उरलेल्या नऊ जणांचे नंबर त्या वहीत उतरवतात. खिचडीच्या आधीची दहा मिनिटं या नऊ जणांची. चार नंबर त्यांत नाही, बावीस आहे. बावीसला कार्डाची गरज नाही, त्याला शेजारी बसवून संख्या वाचून घ्यायची आहे, हे बाईंना कार्डाच्या आधीही माहीत होतं.

घंटा होते. कार्डं नंबरवार गोळा करायचं काम दोघींकडे आहे. त्या ती मोजतात, दोनदा. बाई माझ्यापुढे वही धरतात. डावीकडच्या पानावर मुलांच्या गृहपाठातल्या चुका, तारखेनिशी. उजवीकडच्या पानावर त्या चुकांवरून बेतलेले पर्याय. आजच्या तीन प्रश्नांना काल रात्रीचा दीड तास लागला. मधे मतदार यादीचं कामही होतं, कारण त्या बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, आहेत. “चुकीचा पर्याय मनानं लिहिता येत नाही,” त्या म्हणतात. “तो पोरांनीच द्यावा लागतो. मी नुसता उतरवून घेते.”

पॅनेल बघायला गावातून, तालुक्यातून लोक येतात आणि त्यासोबत फोटो काढून जातात. ही वही बघायला अजून कुणी आलेलं नाही. तेव्हा तुमच्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत पॅनेलच्या वर्गणीचा विषय निघेल त्या दिवशी पैसे जरूर द्या, पण सह्या करण्याआधी मुख्याध्यापकांना एवढं विचारा की त्यावरचे प्रश्न कोण लिहिणार, आणि त्यासाठी त्या शिक्षकाच्या डोक्यावरचं कोणतं काम कमी होणार.